साहेबाची रोजनिशी लंडनला, अहवाल पुण्याला

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील), मग दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. शिवाय तो काबूलच्या राज्याचा (१८१५) आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचा (१८४१) लेखक. त्याच्या खाजगी कागदांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शेवटचे तीन प्रश्न घरच्या ट्रंकांविषयी आहेत, पण विषय तोच.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांवर काम करतो आहे. एल्फिन्स्टनची रोजनिशी मुळातून पाहायची आहे. पुण्याच्या दप्तरात चौकशी केली, तिथे नाही म्हणाले. मग आहे कुठे? (सातारा)

पुण्यात ती नसणारच. अधिकाऱ्याने खुर्चीत बसून लिहिलेले कागद सरकारचे, आणि रात्री दिव्यापाशी लिहिलेले त्याचे स्वतःचे. पहिले इथे राहिले, दुसरे त्याच्याबरोबर गेले. एल्फिन्स्टनच्या खाजगी कागदांचा मुख्य संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या खाजगी कागदांत आहे. त्याचा क्रमांक ‘एमएसएस युर (म्हणजे युरोपीय हस्तलिखिते) एफ ८८’. त्यात रोजनिश्या आहेत, पत्रव्यवहार आहे, काबूलच्या वकिलातीची टिपणे आहेत.

सरकारी बाजू तीन ठिकाणी विखुरलेली आहे. कमिशनर असतानाच्या फायली पुणे पुराभिलेखागारात. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. (नाव त्याचे, कागद सरकारचे. रोजनिशी मात्र सात समुद्रांपलीकडे.) गव्हर्नर-जनरलला धाडलेले खलिते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, परराष्ट्र खात्याच्या ‘सिक्रेट’ आणि ‘पोलिटिकल’ कन्सल्टेशन्समध्ये, म्हणजे कामकाजाच्या नोंदींत सापडतात.

लंडनला जाणार असाल तर वाचकपत्र फुकट मिळते. पत्त्याचा एक आणि सहीचा एक असे दोन पुरावे मूळ स्वरूपात लागतात. भारतातला पत्ता चालतो, फक्त पासपोर्टवरचा आणि दुसऱ्या कागदावरचा पत्ता जुळू द्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. बहुतेक कागदांचे फोटो स्वतःच्या अभ्यासासाठी मोबाइलवर काढता येतात, फ्लॅश मात्र बंद ठेवा. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथली ऑनलाइन यादी बराच काळ बंद होती. म्हणून तिकीट काढण्याआधी ईमेल करून हवे ते क्रमांक आणि ते कागद वाचायला मिळतील की नाही, हे लेखी विचारून घ्या.

जाणे जमत नसेल तर आधी छापील वाचा. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निघालेल्या ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ मालेतले एल्फिन्स्टनच्या वकिलातीचे दोन खंड (१८११–१५ आणि १८१६–१८) आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत मिळतात. ते वाचल्याशिवाय लंडनला जाणे म्हणजे नकाशा न बघता गड चढणे.

एका संदर्भात ‘एफ ८७’, दुसऱ्यात ‘एफ ८९’ असे दिसते. छपाईची चूक आहे का? (ठाणे)

चूक नाही, माणसे वेगळी आहेत. ८७ मध्ये त्याचा पुतण्या जॉन, म्हणजे तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. ८८ मध्ये आपला माउंटस्टुअर्ट. ८९ मध्ये घराण्यातले इतर, त्यांत १८४२ च्या काबूलच्या माघारीतला दुर्दैवी जनरल विल्यम एल्फिन्स्टनही येतो. मुंबईत हा घोळ नित्याचा आहे. कॉलेज काकाच्या नावाचे, तर आज प्रभादेवी झालेले स्टेशन पुतण्याच्या नावाचे होते.

५ नोव्हेंबर १८१७ ला संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. मग त्याआधीचा पत्रव्यवहार उरला कसा? (पुणे)

त्या आगीत एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह गेला. तरीही सरकारी पत्रव्यवहार वाचला, कारण खलिता एका प्रतीत कधी राहतच नसे. मूळ पत्र कलकत्त्याला, नक्कल मुंबईला, गरजेप्रमाणे आणखी नकला नागपूरला रेसिडेंट जेंकिन्सकडे आणि हैदराबादला रेसिडेंट रसेलकडे जात. कलकत्ता आणि मुंबईहून पुन्हा नकला लंडनला कंपनीच्या संचालकांकडे. एक घर जळाले म्हणून ही साखळी तुटत नाही.

खाजगी पत्रांचे याच्या उलट असते. ती पाठवणाऱ्याकडे नव्हे, मिळालेल्याकडे शोधायची. १८०१ साली कलकत्त्याहून पुण्याकडे खुष्कीच्या वाटेने निघालेल्या एल्फिन्स्टनचा सोबती एडवर्ड स्ट्रेची होता, आणि पुढे वर्षानुवर्षे मनातले लिहायचे ते याच मित्राला. ती पत्रे स्ट्रेची घराण्याच्या संग्रहात पाहावी लागतात. कोणाही माणसाचे खाजगी कागद शोधताना त्याच्या दहा-बारा जवळच्या मित्रांची यादी आधी करा आणि त्यांचे संग्रह कुठे आहेत ते बघा. अर्धे काम तिथेच होते.

फोटो मिळाले, पण अक्षर लागत नाही. मोडी येते, इंग्रजी येते, आणि तरीही! (कोल्हापूर)

मोडी येते म्हणजे सवय आहे. इथेही तेच करायचे आहे. सुरुवात रोजनिशीने करू नका. ज्याचा मजकूर छापून आला आहे असे एखादे पत्र निवडा, छापील पान शेजारी ठेवा आणि त्याच हाताची अक्षरमाला कागदावर उतरवून घ्या. निदान पाच पाने अशी लावल्याशिवाय नव्या पानाला हात घालू नका.

पुढच्या अडचणी ठरलेल्या आहेत. दोन ‘एस’ लागोपाठ आले की पहिला लांब काढलेला असतो आणि तो ‘एफ’ वाचला जातो. महिन्याऐवजी ‘इन्स्टंट’, ‘अल्टिमो’, ‘प्रॉक्सिमो’ यांचे संक्षेप येतात. पहिला म्हणजे चालू महिना, दुसरा मागचा, तिसरा पुढचा. पत्र ३ ऑगस्टचे आणि आत ‘२८ अल्टिमो’ असेल तर ती २८ जुलै. इथे घसरून घटनाक्रम महिनाभर पुढेमागे झालेले प्रबंध आहेत.

आपल्या नावांची गंमत वेगळीच. त्या काळी ‘अ’च्या उच्चारासाठी ‘यू’ लिहीत, म्हणून गंगाधर दिसतो ‘गुंगाधुर’ आणि पंढरपूर ‘पुंदरपूर’. ‘डबल ई’ म्हणजे ई, ‘डबल ओ’ म्हणजे ऊ, आणि ‘ओ-डब्ल्यू’ म्हणजे आव. तेव्हा ‘बाजी रो’ हे बाजीराव, आणि ‘डेंग्लिया’ म्हणजे आपले त्रिंबकजी डेंगळे. नाव अडले की मोठ्याने म्हणून पाहा. डोळ्याला न दिसलेले कानाला सापडते.

टपालाचा खर्च वाचवायला काही पत्रे आडवी-उभी लिहिलेली असतात, म्हणजे एकदा पान भरले की ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचे. फोटोची एक प्रत नव्वद अंशांत फिरवा आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळी वाचा. दुसऱ्या दिशेच्या ओळी थोड्या वेळाने जाळीसारख्या मागे पडतात.

आता पत्र उलटे करा. पत्राच्या घड्या घालून अरुंद पट्टी केलेली असे आणि बाहेरच्या पट्टीवर कारकुनाने तीन गोष्टी टिपलेल्या असत : कोणाकडून, पत्राची तारीख, पोचल्याची तारीख. ही तिसरी तारीख सोन्याची. पुणे-कलकत्ता डाक दिवसांत नव्हे, आठवड्यांत मोजायची. हुकूम कोणत्या तारखेला लिहिला यापेक्षा तो रेसिडेंटच्या हातात कधी पडला, यावर पुण्यात त्या दिवशी काय घडले ते ठरते. फोटो काढताना पाठची कोरी वाटणारी बाजू सोडली की नेमके हे हरवते.

तारीख नसलेला कागद असेल तर वाचनकक्षातल्या कर्मचाऱ्याला विचारून तो उजेडासमोर धरता येतो का पाहा. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात जलचिन्हात गिरणीच्या नावाबरोबर साल असणे सर्रास आहे. जलचिन्ह १८१४ चे असेल तर मजकूर त्याआधीचा असू शकत नाही. नंतरचा किती, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

इंग्रजी पत्र आणि मोडी पत्र एकाच प्रसंगाचे आहे असे वाटते, पण तारखा जुळवता येत नाहीत. (नाशिक)

मोडीतले साल बहुधा सुहूर सनाचे, म्हणजे मृगसालाचे असते आणि अरबी शब्दांत लिहिलेले असते. आधी एकक, मग दहम, मग शतक. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे ८ + १० + २०० + १००० = १२१८. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे खडकीच्या लढाईचा नोव्हेंबर १८१७ याच १२१८ मध्ये, आणि पुढचा मे १८१८ देखील त्याच सालात. सरसकट ६०० मिळवणाऱ्यांची लढाई एक वर्ष पुढे जाते. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याचा दिवस. तिथी शेजारी असेल तर दोन्हींचा ताळा घ्या.

कोलब्रूकचे दोन खंडी चरित्र आहे, त्यात रोजनिशीचे भरपूर उतारे आहेत. मग मुळाची गरज काय? आणि ‘शिक्षण हा आमचा परत जाण्याचा रस्ता’ हे त्याचे वाक्य कोणत्या कागदात आहे? (नागपूर)

सर एडवर्ड कोलब्रूकचे चरित्र १८८४ चे. उतारे खरे आहेत आणि उपयोगीही, पण ते निवडलेले आहेत. चरित्रकाराला जे छापण्याजोगे वाटले ते छापले. तुमच्या कामाचा दिवस गाळलेला असू शकतो, आणि गाळलेले आहे हे छापील पानावर नेहमी कळत नाही. त्याच कोलब्रूकने १८८७ मध्ये एल्फिन्स्टनच्या अपुऱ्या हस्तलिखितावरून इंग्रजी सत्तेच्या उदयाचे पुस्तक काढले. लेखक जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती. त्या पुस्तकातले वाक्य उद्धृत करताना हे मनात ठेवा की त्याने ते छपाईसाठी शेवटचे तपासलेले नाही.

खाजगी आणि सरकारी कागद शेजारी ठेवले की काय हाती लागते, याचे एक उदाहरण. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात खून झाला, तेव्हा एल्फिन्स्टन पुण्यात नव्हता, वेरूळची लेणी बघायला गेला होता. खलित्यांत मागण्या, पुरावे, खुनाचा आरोप असलेल्या त्रिंबकजीला ताब्यात देण्याचा तगादा हे सगळे आहे. रेसिडेंटला बातमी कुठे गाठते, परतताना तो काय वाचत होता, कोणाविषयी त्याच्या मनात काय होते, हे विचारायचे ते खाजगी कागदांना. नुसत्या खलित्यांवरून लिहिलेला एल्फिन्स्टन पुतळ्यासारखा होतो. नुसत्या रोजनिशीवरून लिहिलेला, ग्रीक नाटके वाचणारा एक निवांत गृहस्थ.

‘परत जाण्याचा रस्ता’ हे वाक्य तुम्हाला त्याच्या कागदांत शोधायचे असेल तर वेळ घालवू नका. ती त्याच्या हाताखालच्या ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पुढे सांगितलेली आठवण आहे. तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग दिसला, कशासाठी म्हणून विचारले, त्यावरचे हे उत्तर. आठवण म्हणून जरूर द्या, पण ‘ब्रिग्जच्या सांगण्याप्रमाणे’ एवढे दोन शब्द आधी हवेत. शिक्षणावरचे त्याचे स्वतःचे मत १८२३ च्या ‘मिनिट’मध्ये, म्हणजे सरकारी टिपणात आहे. ते बरेच सावध आहे आणि त्यामुळेच जास्त वाचनीय.

दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या पत्रांवर कॉपीराइट कसला? (डोंबिवली)

आहे! ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने अशी तरतूद केली की लेखक १९६९ पूर्वी वारला असेल आणि मजकूर १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित असेल, तर हक्क २०३९ च्या अखेरपर्यंत राहतो. म्हणजे १८५९ मध्ये वारलेल्या माणसाची न छापलेली चिठ्ठीदेखील त्यात येते. कोलब्रूकने छापलेला भाग मोकळा आहे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ (१) (पी) जास्त उदार आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातला किंवा संग्रहालयातला अप्रकाशित मजकूर, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली असतील तर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवता येतो. छायाचित्र जसेच्या तसे छापायचे असेल तर हे कलम पुरत नाही. संस्थेची परवानगी आणि फी वेगळी.

संदर्भ देताना पान नव्हे, फोलिओ (दोन्ही बाजू मिळून एक कागद) लिहा. पेन्सिलीने घातलेला आकडा फक्त पुढच्या बाजूला असतो. मागची बाजू म्हणजे त्याच आकड्यापुढे ‘मागे’. दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या तर तुमचे ४० वे पान दुसऱ्याला विसाव्या फोलिओवर शोधावे लागते.

आजोबा मामलेदार होते, कथाही लिहीत. त्यांची ट्रंक माळ्यावर आहे : पत्रे, डायऱ्या, कात्रणे, कथांचे कच्चे खर्डे. विषयवार लावून बाइंड करून घ्यावे असा विचार आहे. (चिपळूण)

कृपा करून बाइंड करू नका आणि विषयवार तर मुळीच लावू नका. आजोबांनी जो कागद ज्या पुडक्यात ठेवला, तो तिथे का ठेवला याची माहिती त्या शेजारात असते. कथेचा खर्डा एखाद्या वतनाच्या तक्रारीबरोबर बांधलेला सापडला, तर ती कथा कुठून आली हे कळते. वेगळे काढले की तो धागा कायमचा गेला. म्हणूनच जुन्या दप्तरांत रुमालाची (कागद बांधलेल्या कापडाची) गाठ जपतात.

सुरुवात अशी करा. ट्रंक उघडली की काही न हलवता वरून फोटो. मग एकेक पुडके बाहेर काढायचे, प्रत्येकाला चिठ्ठीवर आकडा, चिठ्ठीसकट फोटो. तोंडाला एन-९५ मास्क हवाच, कारण कोकणातल्या ट्रंकेत बुरशी धरलेली असणार. मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे झटका, तेही बाल्कनीत. बुरशी ओली असेल तर झटकू नका, पसरते. पंख्याखाली टिपकागदावर मांडा आणि कोरडी झाल्यावर ब्रश फिरवा. उन्हात ठेवायचे नाही. ऊन बुरशी मारते तशी शाईही उडवते.

कसर जिवंत असेल (ताजा भुगा, रुपेरी किडे) तर पुडके जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी जमते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांना हा उपाय करू नका. डांबराच्या गोळ्यांनी अंडी मरत नाहीत, वास मात्र वर्षानुवर्षे राहतो. कडुलिंबाचा पाला डाग पाडतो.

टाचण्या, स्टेपल, रबर काढा. गंजलेली टाचणी ओढायची नाही. स्टेपल असेल तर खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून पाय उघडा. सेलोटेप दिसला तर हात लावू नका, ते जाणकाराचे काम. कात्रणे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि जागेवर ‘कात्रण अमुक क्रमांकाच्या पाकिटात’ अशी चिठ्ठी. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, शेजारच्या पत्रावर तपकिरी चौकोन उमटवतो. पत्राबरोबर त्याचे पाकीट ठेवाच. पुष्कळदा तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरच असते.

क्रमांक २बी पेन्सिलीने, पाठच्या बाजूला, खोका/फाईल/कागद असा. आम्लविरहित कागदाचे फोल्डर घ्या, एकात पन्नासच्या वर कागद कोंबू नका. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या टाळा, त्या शाई उचलतात. जागा माळ्यावर नको, कारण तिथे दुपारी तापते आणि पावसात गळते. आतल्या खोलीतले कपाट, भिंतीपासून चार बोटे पुढे. दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक आत ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशी जागी होते. श्रावणात सिलिका जेल बदलत राहावे लागेल.

खर्ड्यांचे तीन-तीन मसुदे असतील तर तिन्ही ठेवा. किराणा हिशेबाच्या वह्याही. घरोघरी ‘मोठ्या माणसांची पत्रे’ तेवढी फ्रेम होतात आणि बाकीचे रद्दीत जाते. अभ्यासकाला नेमके बाकीचे हवे असते.

त्याच ट्रंकेत कचेरीच्या मूळ फायलीही निघाल्या. ठेवाव्यात की जाळाव्यात? (चिपळूण, पुरवणी प्रश्न)

जाळायच्या तर नाहीतच. मूळ सरकारी फाईल निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी राहिली म्हणून त्याची होत नाही. राज्याच्या कागदांना महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा, केंद्राच्या कागदांना १९९३ चा. आजोबांनी स्वतःच्या वापरासाठी उतरवलेल्या नकला आणि टिपणे वेगळी ठेवा. मूळ फायलींची (खाते, क्रमांक, साल) यादी करून पुराभिलेख संचालनालयाला कळवा आणि दिल्यावर पोच घ्या. आणखी एक : ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा ७५ वर्षांपेक्षा जुना कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. परदेशातला भाऊ ‘मी घेऊन जातो’ म्हणाला तर सामानात देऊ नका, स्कॅन द्या.

घरचे कागद संस्थेला द्यायचे ठरवले तर करारात काय असावे? (बेळगाव)

मालकी कोणाची आणि कॉपीराइट कोणाचा, हे दोन वेगळ्या कलमांत लिहा. कागद दिले म्हणजे हक्क दिला असे होत नाही. पत्रे इतरांनी लिहिलेली असतील तर त्यांचा हक्क मुळात तुमच्याकडे नाहीच. हयात माणसांविषयीचे कागद किती वर्षे बंद ठेवायचे, तो आकडा घाला. ‘योग्य काळपर्यंत’ असे लिहिले की ते कधीच उघडत नाही. संस्थेला नको असलेले कागद परत करणार की नष्ट, तेही लिहून घ्या. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, स्कॅनची एक प्रत तुम्हाला. राष्ट्रीय अभिलेखागार १९९३ च्या कायद्याच्या कलम ११ खाली खाजगी कागद देणगी म्हणून घेते; गोखले आणि जयकर यांचे संग्रह तिथेच आहेत. अर्थमंत्री आणि मेघदूताचे मराठी अनुवादक चिं. द्वा. देशमुख यांचे कागद मात्र दिल्लीतच, पण तीन मूर्तीच्या संग्रहालयात. तेव्हा गाव ठरवण्याआधी, ज्यांचे कागद द्यायचे त्यांच्या समकालीनांचे कागद कुठे आहेत ते बघा, आणि त्यांच्या शेजारी द्या.